तारकर आणि मी

तारकर सायकलचं चाक डोळे मिटून सरळ करायचा. चाक फिरवायचं, एकेका तारेवर नख मारायचं आणि आवाज ऐकून चावी जराशी वळवायची. दहा मिनिटांत वाकडं चाक मुकाट्यानं सरळ फिरू लागे. त्याचं खरं आडनाव राऊळ, पण भांडुप स्टेशनबाहेरच्या आमच्या दुकानांच्या ओळीत ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माझं दुकान त्याच्या दुकानाला लागूनच. तेच काम मी डोळे उघडे ठेवून अर्ध्या तासात करायचो, आणि माझंच गिऱ्हाईक माझ्या बाकावर बसून त्याच्याकडे बघत राहायचं.

कुणी घाई केली की तो म्हणे, "चाकाक घाई नसता रे, गिऱ्हाइकाक असता." गिऱ्हाईक हसे. हेच मी म्हटलं असतं तर उठून गेलं असतं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका सायकल कंपनीच्या पाटणकर साहेबांनी त्याला हेरलं. कंपनीच्या सायकली गावोगाव खोक्यातून सुट्या भागांत जायच्या. त्या नीट कशा जोडायच्या हे तिथल्या मिस्त्रींना दाखवायला माणूस हवा होता. झालं, महिन्यातले दहा दिवस तारकर जळगाव, अकोला, लातूर करू लागला. मी मागच्या चार वर्षांत कल्याणच्या पुढे गेलो नव्हतो. जाताना तो दुकानाची किल्ली माझ्याकडे देई, आणि ते दहा दिवस त्याची गिऱ्हाइकं मला एकच विचारत, "तारकर कधी येणार?"

परत आला की बाकावर बसून सगळं सांगायचा. "अकोल्याक एक म्हातारो मिस्त्री भेटलो. चेन बसवची त्याची रीत आपल्यापेक्षा बरी." कंपनी याला शिकवायला पाठवते आणि हा शिकून येतो! मी त्यानं आणलेले केळ्याचे वेफर्स खात मनातल्या मनात जळत असे.

मग दिल्लीला सायकल कारखानदारांचं मोठं प्रदर्शन भरलं. कंपनीच्या स्टॉलवर लोकांसमोर चाकं सरळ करून दाखवायला तारकरची निवड झाली. सोबत एक माणूस न्यायची मुभा होती. तो म्हणाला, "तू चल. माझा हिंदी ऐकून लोक पळतले." मी गेलो. तिथे त्याला खिशावर नाव शिवलेला निळा कोट मिळाला. मी माझ्याच शर्टात त्याच्या हातात चाकं देत उभा. दोन दिवस माणसं गराडा घालून त्याचे मिटलेले डोळे बघत होती. एकानं तर माझा धक्का लागला म्हणून मलाच बाजूला व्हायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी समोरच्या स्टॉलवर चाक सरळ करणारं परदेशी यंत्र सुरू झालं. कुणीतरी गंमत म्हणून शर्यत लावली. तारकरचं एक चाक होईपर्यंत यंत्रानं चार चाकं बाहेर टाकली. लोक हसले, टाळ्या पडल्या. पाटणकर साहेबांचा चेहरा उतरला. मीही टाळ्या वाजवल्या, चांगल्या जोरात. तेवढ्यात तारकरनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि माझे हात हवेतच राहिले.

"बघितलंस मां?" त्याचे डोळे चमकत होते. "झकास काम करता! चल, जवळसून बघू."

उरलेले दोन दिवस मोकळा वेळ मिळाला की तो त्या यंत्रापाशी. चालवणाऱ्या सरदारजीला मोडक्या हिंदीत प्रश्न विचारून भंडावलं. तारकरचं तोंड कधी पडतंय याची मी वाट बघत होतो. ते पडलंच नाही. मला त्याच्या कोटाचा, फिरतीचा, गिऱ्हाइकांचा हेवा वाटे. पण त्या दोन दिवसांत वाटला तसा कधीच नाही. हरून एवढं खूश होणं मला सात जन्मांत जमलं नसतं.

वर्षभरानं कंपनीनं लुधियान्यात तशी यंत्रं घेतली आणि त्यांवर देखरेखीला तारकरला बोलावलं. निघायच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला. "साहेबांका तुझा नाव सांगितलंय. माझी फिरती आता तुझी. कोट पण मिळतलो."

"नाही जमायचं. दुकान कोण बघणार?" मी म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. त्यानं टाकलेलं मला उचलायचं नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी तो रजेवर आला. केस पिकलेले. चहा पिताना म्हणाला, "तू फिरतीक गेलस नाय, ता माझ्या मनाक लागला."

"दुकान होतं ना रे."

त्यानं कप खाली ठेवला. "खरा हा. मी तुझ्यावर दुकान टाकून फिरलंय. तुझ्या दुकानावर कोण बसतलो, ह्या माझ्या ध्यानातच इला नाय. चूक माझीच."

मी त्याच्यासाठी आणखी एक चहा सांगितला, पण ती चूक त्याची नव्हती हे काही सांगितलं नाही. पुढच्या थंडीत तो लुधियान्यातच वारला.