हिरव्या खुणेवर विश्वास न ठेवणारा माणूस

गौतम कॉम्प्युटर दुरुस्तीला आला की लगेच खुर्चीत बसायचा नाही. उभ्यानेच विचारायचा, "आज काय झालं ते मला दिसायलंय सर. तुमी काल काय केलं ते सांगा." समोरचा हमखास म्हणायचा, काहीच केलं नाही. मग तो चहा मागवायचा आणि वाट बघायचा. चहा संपेपर्यंत कबुली आलेली असायची.

त्याच्याबद्दल 'यायचा', 'विचारायचा' असं लिहिताना माझा हात अजून अडतो. तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला होता. अकराला तुमच्या वाचनालयात येतो, प्रिंटर बघतो म्हणाला. तो रोज पूर्णेहून रेल्वेने परभणीला येई. अकराचे बारा वाजले तेव्हा मी जरा चिडूनच फोन लावला. तो रुग्णालयातल्या कुणीतरी उचलला. आधीच्या पिंगळी स्टेशनापर्यंत तो शेजारच्या प्रवाशाशी बोलत होता म्हणे. परभणीला सगळे उतरले, हा बसलेलाच राहिला. चव्वेचाळीस वर्षांचा होता. फोन ठेवल्यावरही मी किती तरी वेळ प्रिंटरकडे बघत होतो.

श्रद्धांजलीच्या पुण्यानुमोदन विधीच्या दुसऱ्या दिवशी त्याची पत्नी रेखाताई मुलगी तेजूला घेऊन माझ्याकडे आल्या. हातात दुकानाची किल्ली होती. भाचीला अभ्यासाला उपयोगी पडेल म्हणून रेखाताईंच्या भावाने गौतमच्या मोबाईलमधले फोटो पुसून तो रिकामा करून दिला होता. जागा भरल्याची सूचना आली, तेव्हा इंटरनेटवरच्या क्लाउडची कचरापेटीही त्याने साफ केली. भल्यासाठीच केलं बिचाऱ्याने. आता फोनमध्ये घरचा एकही फोटो उरला नव्हता.

"दुकानातल्या कॉम्प्युटरमधी सगळं हाय, असं ते म्हणायचे," रेखाताई म्हणाल्या. "तुमी तेवढा चालू करून देता का, सर?"

देतो म्हणालो, पण चपला घालता घालता लक्षात आलं, तो नुसता चालू करून चालणार नाही.

कारण तीन वर्षांपूर्वी हीच चूक मी केली होती. गावोगावच्या वृद्धांच्या हस्तलिखित आठवणी मी वाचनालयासाठी स्कॅन करून ठेवल्या होत्या. डिस्क भरली. क्लाउडवर प्रत आहेच, या भरवशावर मी कॉम्प्युटरवरचं ते फोल्डर पुसलं. दुसऱ्या दिवशी क्लाउडवरही काही नव्हतं. गौतमने माझी कबुली ऐकली, एकदाही टोमणा मारला नाही आणि कचरापेटी आपोआप रिकामी व्हायच्या मुदतीआत सगळं तिथून परत आणलं. मग म्हणाला, "क्लाउड म्हंजे कपाट न्हाई सर, आरसा हाय. इथं पुसलं की तिथं बी पुसलं." मी म्हणालो, पण फोल्डरवर सगळं ठीक असल्याची हिरवी खूण तर दिसत होती. तेव्हा तो हसला. "हिरवी खूण म्हंजे दोनी बाजू सारख्या हायत, एवढंच. दोनीकडं कायीच नसलं तरी ती हिरवीच असती."

त्याचा कॉम्प्युटर तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळपासून बंद होता. क्लाउड रिकामं झाल्याची बातमी अजून त्या कॉम्प्युटरपर्यंत पोचली नव्हती. चालू करताच इंटरनेट मिळालं असतं, तर त्यानेही इमानाने सगळं पुसून टाकलं असतं.

दुकानाचं शटर वर केलं. रेखाताई बटणाकडे हात नेत होत्या. "थांबा," मी म्हणालो. टेबलाखाली वाकून मी इंटरनेटची वायर उपसली, मग मागे जाऊन राउटरही बंद केला. तेव्हा कुठे कॉम्प्युटर सुरू केला. कोपऱ्यात लाल फुली आली, संपर्क नाही. फोटो मात्र सगळे जागेवर होते.

ते नव्या पेनड्राइव्हवर उतरवताना एक मोठा व्हिडिओ जाईना. जागा भरपूर असूनही फाइल मोठी आहे, असंच उत्तर येई. मग झरी गावच्या एका गुरुजींना गौतम समजावत होता ते आठवलं. पोतं मोठं हाय गुरुजी, तोंड बारीक हाय. जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हमध्ये चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, हे त्याने असं सांगितलं होतं. मी दुसरा कोरा पेनड्राइव्ह घेतला, नव्या पद्धतीने फॉरमॅट केला आणि व्हिडिओ गेला.

तोवर रेखाताई एकेक फोटो बघत होत्या. तेजू सायकलवर, तेजू आजीजवळ, नव्या घराचा उंबरा, बुद्धवंदनेला बसलेली माणसं. शेवटचा फोटो बघून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ह्यात ते कुठंच न्हाईत की, सर."

खरंच नव्हता. फोटो काढणारा तोच. एवढी धडपड करून मी त्या बाईंच्या हाती त्यांचा नवरा नसलेलं घर दिलं होतं.

तेजूने तो मोठा व्हिडिओ लावला. शाळेच्या स्नेहसंमेलनात ती भाषण करत होती. मध्येच अडखळली, गप्प झाली, खाली बघू लागली. मागे पोरांचं हसू ऐकू आलं. आणि मोबाईलच्या अगदी जवळून, हळू आवाजात, गौतम म्हणाला, "घाई न्हाई, माय. आठव सावकाश. मी हाय की इथंच."

रेखाताईंनी खुर्ची ओढली आणि त्या पडद्याजवळ बसल्या. पडद्यावरची तेजू मान वर करून पुन्हा बोलू लागली.