दौलूनाना बसत का नव्हते

दौलूनाना कधी बसत नसत. तालमीत कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या कडेला दगडी कट्टा होता, त्याला पाठ टेकून, एक पाय जरा पुढे टाकून ते उभे राहत. चहा उभ्यानं, जेवणही उभ्यानं. हौसाकाकी, म्हणजे त्यांची बायको, घरून ताट आणून कट्ट्यावर ठेवत आणि नाना कट्ट्याकडे तोंड करून भाकरी मोडत. कुस्त्यांच्या मैदानात पंचांच्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची मांडलेली असे, ती रिकामीच राही. गावानं याचा अर्थ लावून टाकला होता: वस्ताद मातीसमोर बसत नाहीत. बाहेरगावचे पैलवान हे ऐकून त्यांच्या पाया पडायचे. नाना त्यावर हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत.

आष्ट्याजवळच्या त्या तालमीत मी मिसरूड फुटायच्या आधी गेलो. आईबाप दुसऱ्याच्या रानात राबत होते, खुराक कुठून आणणार? काकींनी त्यांच्या म्हशीचं दूध मला लावलं. नानांनी पाठीत रट्टे घालून मला उभा केला. जोर मारताना कुणी कण्हला की ते म्हणत, "रडायचं आसंल तर घरी जा. हितं घाम लागतो." कुणी हरून आला तर, "पडलास न्हवं? मग आता जमीन कशी हाय ते कळलं. जा, दूध पी." त्यांचं हसणं मिशीतल्या मिशीत असायचं. आम्ही पोरं ते हसणं मिळावं म्हणून मरमर मरायचो.

आज मी इस्लामपुरात जुन्या ट्रॅक्टरांची खरेदी-विक्री करतो. इंजिनाचा आवाज ऐकून ट्रॅक्टर ओळखतो आणि गप्प बसण्याच्या तऱ्हेवरून गिऱ्हाईक ओळखतो. माझ्या तोंडाला लागू नये असं लोक म्हणतात, ते खोटं नाही. वडिलांकडून मला काही मिळालं नाही, सासऱ्याकडून मी काही घेतलं नाही. पण भांडायची आणि ताणून धरायची ताकद कुठून आली विचाराल तर त्या हौदातून आली. म्हणून तर नानांवरचा माझा राग इतकी वर्षं टिकला.

झालं असं. सरावात समोरच्याचा गुडघा माझ्या जांघेत बसला. सूज आली, उतरली, पण डाव्या गोटीतली कळ राहिली. ओरडावं अशी नव्हती. दाताच्या मुळाशी ठणका लागतो तशी, बारीक आणि सतत. बसलो की वाढायची, सायकलवर तर डोळ्यांत पाणी आणायची. कधी ओटीपोटात चढायची, कधी मांडीतून खाली उतरायची. आईला सांगता येईना, बापाला सांगता येईना. शेवटी मेहनत झाल्यावर नानांना गाठलं आणि मान खाली घालून सांगितलं.

नानांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हौदाकडे बघत म्हणाले, "लंगोट आवळ."

"आवळलाय, नाना."

"आजून आवळ. आन् मन आवळ. हे दुखणं मातीनं येत न्हाई, दत्त्या. ज्येचं मन भाईर फिरतंय त्येलाच येतंय."

हे त्यांनी मोठ्यानं म्हटलं. चारचौघांनी ऐकलं. संध्याकाळपर्यंत माझ्या नावाला गावातल्या दोन-तीन पोरींची नावं जोडून झाली होती. मी त्यातल्या एकीशीही बोललो नव्हतो. महिनाभर लंगोट आवळून पाहिला, दुखणं दुप्पट झालं. मग एक दिवस लंगोट धुऊन दोरीवर टाकला आणि तालमीकडे फिरकलो नाही. गाव म्हणालं, पोरगं वाया गेलं. नानांनी बोलावणं धाडलं नाही. तो डंख मी जपून ठेवला.

त्यानंतरचं माझं आयुष्य म्हणजे एका हातानं धंदा आणि दुसऱ्या हातानं हे दुखणं लपवणं. ट्रॅक्टर चालवून दाखवायला मी माणूस ठेवला, लोकांना वाटलं शेठगिरी आली. लग्न झालं. बायको सुमन विचारायची, "कुठं दुखतंय सांगा तरी," आणि मी तिच्यावर खेकसायचो. डॉक्टरकडे गेलो तरी 'ओटीपोटात' एवढंच म्हणायचो, मग ते पोटाच्या गोळ्या द्यायचे. एकानं जंतूंचं औषध दिलं, संपल्यावर तेच पुन्हा दिलं. साताऱ्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे, मनातून काढून टाका. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "मनात आसतं तर तुमच्याकडं कशाला आलो आसतो?" हमरस्त्याच्या कडेला तंबू ठोकून बसलेल्या वैद्याकडेही गेलो. त्याच्याशी घासाघीस करून भस्म अर्ध्या किमतीत पाडलं आणि दोन दिवस मोठा व्यवहार केल्याच्या आनंदात होतो. त्या भस्मानं फक्त तोंड आलं.

सांगलीतल्या एका मूत्रविकाराच्या डॉक्टरकडे सुमननंच नेलं, आणि आत जाऊन माझ्या आधी तिनंच सांगितलं, "यांना गोटीत दुखतंय, लग्नाच्या आधीपासून." मी भिंतीकडे बघत बसलो. डॉक्टर वयानं लहान होता, पण तो हसला नाही. बोटानं दाखवा म्हणाला. काय केलं की वाढतं, काय केलं की कमी होतं, मार कधी लागला होता, सगळं विचारलं. गाठबीठ नाही ना याची खात्री केली. मग म्हणाला, "तिथून वर जाणाऱ्या बारीक नसा चिडून बसल्यात. त्या बधिर करून बघू. दुखणं थांबलं, तर इलाज कुठं करायचा ते कळेल." जांघेत सुई दिली. थोड्या वेळानं मी खुर्चीत सरळ बसलो होतो आणि काही दुखत नव्हतं. पुढे दुर्बिणीखाली त्या नसा तोडायचं ऑपरेशन झालं. लांबच्या प्रवासात आजही जरा भरून येतं, पण ते दुखणं आता माझ्या ताब्यात आहे, मी त्याच्या नाही.

बरा झालो आणि नानांवरचा राग नव्यानं पेटला. एवढ्या वर्षांचा हिशेब तोंडावर मागायचा ठरवलं. तोवर काकी वारल्या होत्या, तालीम नानांच्या हाताखालच्या संभाकडे गेली होती आणि नाना कोरेगावला लेकीकडे, शालनकडे, राहत होते. गेलो तेव्हा ते अंगणात भिंतीला टेकून उभे होते. खांदे उतरले होते, मिशी पांढरी झाली होती.

"दत्त्या न्हवं तू? लय जाड झालास रं."

शालन चहा ठेवायला आत गेली आणि मी सुरू झालो. लंगोट, पोरींची नावं, भस्म, ऑपरेशन, काही ठेवलं नाही. "तुमी मला पापी ठरवलं, नाना. माजी नस दुखत हुती आन् तुमी माजं मन आवळाया लावलं."

नाना रागावतील, मग मी आणखी रागावेन, असं धरून आलो होतो. ते आवाज खाली आणून म्हणाले, "थांबलं म्हंतोस?"

"व्हय."

"सगळं?"

"बरंच."

"वर पोटात चढायचं, ते? आन् बसल्यावर तापल्या सळईवानी हुयाचं, ते बी?"

मलाही तसंच व्हायचं, पण सळईची ती गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती, कुणालाच सांगितली नव्हती. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं, भिंतीला टेकलेल्या पाठीकडे पाहिलं.

"नाना, तुमाला कवापासून?"

"तुज्या आदीपासून."

मग ते बोलले, तुटक तुटक, एक डोळा स्वयंपाकघराच्या दाराकडे ठेवून. तरणेपणी मैदानात त्यांनाही असाच मार बसला होता. त्याच वर्षी लग्न झालं. त्यांच्या वस्तादानं लग्न करू नको म्हणून बजावलं होतं, आणि दुखतंय म्हणून सांगायला गेल्यावर तो म्हणाला, बायकोच्या पायी लंगोट ढिला केलास, भोग आता. नानांनी ते खरं मानलं. शालन झाली आणि नाना तालमीत झोपायला गेले ते कायमचेच. गाव म्हणालं, केवढा निष्ठावान माणूस.

"हौसा इचारायची," नाना म्हणाले. "ताट ठिवून हुबी ऱ्हायची. म्हनायची, माजं काय चुकलं तेवडं सांगा. म्या म्हनायचो, काय न्हाई, जा. लय खेपेला इचारलं तिनं. मग इचारायची थांबली."

माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. आणलेला माल उतरवायला जागाच नाही, असं झालं.

"चला सांगलीला," मी म्हणालो.

"ह्या वयात? हासतील लोकं."

"नाना, एक सौदा करू. तुमी एकदा डॉक्टरपुढं चला. मी राग सोडतो. कायमचा."

"सगळा नगं सोडू," नाना मिशीतल्या मिशीत हसले. "थोडा ठिव. न्हाईतर तू वळखू यायचा न्हाईस."

शालनला त्यांनी पाठ दुखते म्हणून सांगितलं आणि माझ्या गाडीत मागच्या सीटवर कुशीवर पडून आले. डॉक्टरनं त्यांनाही तेच सगळं विचारलं, तपासलं. नानांनी उत्तरं दिली आणि शेवटी स्वतः एकच गोष्ट विचारली.

"सायेब, लगीन केल्यानं हुतंय का हे?"

"नाही, आजोबा. मार लागल्यानं होतं, कधी नुसतंच होतं. लग्नाचा काही संबंध नाही."

"बायकूजवळ गेल्यानं?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

नानांनी डोळे मिटले. मला वाटलं सुईला घाबरले. सुई दिल्यावर बाहेरच्या बाकावर ते माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, "येवडं गप कवा न्हवतं रं आत." आणि नंतर, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत, "आता तिला कुनी सांगायचं?"

डॉक्टरांचं म्हणणं, हृदय तपासून घेऊ, मग ऑपरेशनचं बघू. परत जाताना आष्ट्याजवळ नानांनी तालमीसमोर गाडी थांबवायला लावली. आत पोरांचे शड्डू घुमत होते. "ह्यास्नी सांगाय पायजे," नाना म्हणाले. "माज्या तोंडानं सांगाय पायजे, की हे पाप न्हाई, दवाखान्यात जावा. किती जनास्नी म्या लंगोट आवळाया लावला आसंल."

"मग उतरा. आत्ताच सांगा."

"आज नगं. आदी बरा हुतो, मग येतो. दुखत्या मानसाचं कोन ऐकतंय?"

मी गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवसाचा वायदा कधी देत नाही. माणूस घरी गेला की त्याचं मन फिरतं, हे मी धंद्यात सगळ्यात आधी शिकलो. त्या दिवशी मात्र मी म्हणालो, "बरं, पुढच्या खेपेला." ते दमले होते, मला दया आली. आयुष्यात ताणून धरायला हवं होतं असा तो एकच व्यवहार, आणि तिथंच मी सैल सोडला.

औषध ओसरल्यावर दुखणं परत आलं, ते येणार हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. नाना फोनवर म्हणायचे, "येऊ दे. आता त्येचा पत्ता ठाव हाय." हृदयाची तपासणी व्हायच्या आतच एके सकाळी कोरेगावात ते गेले. हृदयानंच गेले.

तालमीनं शोकसभा ठेवली. जुने पैलवान आले होते, शालन बायकांत बसली होती. भाषणांत निष्ठा, ब्रह्मचर्य, माती सगळं येऊन गेलं. माझी पाळी आल्यावर मी नानांचा निरोप सांगायला लागलो. 'दुखणं' या शब्दापर्यंत पोचलो, 'जांघेत' म्हणालो आणि संभा उठला.

"बास! नानांचं नाव नासवायला आलास व्हय रं, दत्त्या?"

"त्यांनीच सांगाय सांगितलंय."

"कुनासमोर?"

साक्षीदाराशिवाय सौदा करू नये, असं मी जगाला सांगतो. माझ्याकडे एकही नव्हता. शालनला पाठीचं दुखणं एवढंच माहीत होतं. डॉक्टर आपल्या रोग्याचं बाहेर बोलणार नाही आणि त्यानं बोलूही नये. मी संभाची गचांडी धरली, लोकांनी आम्हाला सोडवलं, मला बाहेर काढलं. शालननं मान वर केली नाही.

तालमीत सांगू दिलं नाही, म्हणून इथे लिहितो. नाना म्हणाले होते तसं त्यांच्या तोंडानं नाही, पण त्यांच्या नावानं. दौलूनानांना कित्येक वर्षं वृषणात दुखत होतं. मार लागला होता म्हणून दुखत होतं. सांगलीच्या डॉक्टरनं एका सुईनं ते एक दुपारभर थांबवून दाखवलं, पुढेही थांबलं असतं. ते पाप नव्हतं. आणि हौसाकाकींचं काही चुकलं नव्हतं.