पाड्याचा टीव्ही आणि अच्छाडच्या बाई

गेल्या सोमवारी दुपारी ग्रामपंचायतीने आमच्या पाड्यावर अन्याय केला. आमच्या आजोबांच्या पिढीने वर्गणी काढून घेतलेला, बॅटरीवर चालणारा छोटा टीव्ही कुणालाही न विचारता भंगारात दिला.

मी हायवेवरच्या अच्छाडला भंगाराचा टेम्पो गाठून टीव्ही सोडवला आणि ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका बाईंसमोर ठेवला. त्यांनी आधी हात पुसले.

“कुणाचा?”

“पाड्याचा.” आणि माझं पंचायतीविरुद्धचं भाषण सुरू झालं.

“मग इथंच बस. मालक समोर नसेल तर मी काही उघडत नाही. आणि भाषण नको, टॉर्च धर.”

तुटलेली तार त्यांनी कथलाचा डाग देऊन जोडली, शेजारच्या ढाब्यावरच्या डिशच्या बॉक्सची वायर लावली. ट्रकच्या बॅटरीवर चित्र आलं.

मालकाला समोर बसवणं पंचायतीला जमलं नाही. तुमच्या गावात भंगाराचा टेम्पो भरताना दिसला, तर त्याच्या आडवे उभे राहा आणि मालकांना बोलवा.