परकराखालचा गळ

आमच्या लालबागच्या घरात खोटे मासे तयार व्हायचे आणि ते मी करायचे. खोटे म्हणजे पुढे चकचकीत प्लॅस्टिकचं डोकं, त्यावर चिकटवलेले डोळे आणि मागे रबराच्या झिरमिळ्या. चालत्या बोटीमागे लांब दोरीवर ते सोडले की पाण्यात पळत्या माशासारखे दिसतात आणि खरी सुरमई त्यांच्यावर झडप घालते. झिरमिळ्यांना नवऱ्याच्या मित्रमंडळींत स्कर्ट म्हणतात. मी परकर म्हणायचे. चारचौघांत त्याला त्याची लाज वाटायची, म्हणून मुद्दाम मोठ्याने म्हणायचे.

छंद नवऱ्याचा. घराणं गिरणीतलं, नोकरी ऑफिसातली, आणि चाळिशी उलटल्यावर साहेबांना समुद्र आठवला. ऑफिसातले चार मित्र मिळून भाऊच्या धक्क्यावरून बोट भाड्याने घ्यायचे आणि रविवारी खोल पाण्यात जायचे. मी कोळ्यांची मुलगी. आमचं लग्न प्रेमाचं, त्यामुळे एकमेकांना अरे-तुरे. सासूबाई होत्या तोवर त्यांच्यासमोर तेवढं अहो. लग्नानंतर पहिल्यांदा लाँचने रेवसला गेलो तेव्हा हा ओकून ओकून बेजार झाला होता. डोकं माझ्या मांडीवर टाकून पडला होता आणि मी मजेत खारे शेंगदाणे खात होते. तोच माणूस पुढे गोळ्या घेऊन समुद्रावर जायला लागला आणि कोळ्यांची पोर घरी.

माहेरी वडिलांची बोट होती, पण आमच्या घरात बायकांनी धक्क्यापर्यंतच यायचं. तसं कुणी बजावलं नव्हतं. कधी कुणी विचारलंच नव्हतं. आई मासे विकायची आणि मी तिच्या पाटीशेजारी बसून मोठी झाले. सुरमया किती पाहिल्या त्याला गणती नाही. सगळ्या मेलेल्या, राखाडी, बर्फातल्या. जिवंत सुरमई मी आयुष्यात पाहिलेली नाही. ती पाण्यातून येते तेव्हा कशी दिसते, हे मला एकदा तरी बघायचं होतं.

पहिल्या खेपेचे गळ त्याने स्वतःच बांधले होते. संध्याकाळी तोंड पाडून परत आला. मासा एकही नाही आणि परकर अर्धे गायब.

"दातांच्या खुणा बघ," मी म्हटलं. "ही मागून तोडते. तू गळ तोंडाशी कशाला ठेवलास?"

"मग कुठे ठेवू?"

"शेपटीशी ठेव ना, शहाण्या."

झालं, त्या दिवसापासून ते काम माझ्या गळ्यात पडलं. सुरमईच्या दातांपुढे नायलॉनची तंगूस टिकत नाही, म्हणून गळाला पोलादी तार लावायची. तार गळाच्या कडीतून ओढून परत फिरवायची, वर बारीक नळी चढवून ती पकडीने दाबायची. नळी जास्त दाबली तर तार कापली जाते आणि कमी दाबली तर मासा गळ घेऊन पसार. मग डोकं आणि गळ यांच्यामध्ये मणी ओवायचे, म्हणजे गळ मागे सरकून परकराच्या टोकाशी बसतो. मणी मी भुलेश्वरहून आणायचे. दुपारी खिडकीशी बसून ओवायला लागले की शेजारीण विचारायची, कुणाचं मंगळसूत्र चाललंय? शेवटी गळाला कानस मारायची आणि टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचं. घसरलं तर अजून घासायचं, अडकलं तर झालं.

माझ्या गळांना सुरमई लागायला लागली. "वहिनी, तुमच्या हाताला गुण आहे," असं मित्र म्हणायचे आणि आपापले खोटे मासे पाठवून द्यायचे. मी फुलून जायचे, खोटं कशाला बोलू? पण नवरा घरी आला की आमचं भांडण ठरलेलं.

"कशी आली?" मी विचारायचे.

"आली. रीळ वाजलं, ओढली."

"अरे, पण दिसली कशी? रंग कसला होता? उडी मारली का?"

"सुरमईसारखी दिसली. भूक लागलीय गं."

असल्या माणसाला समुद्र दाखवून काय उपयोग! मी चिडून सुरमईचे तुकडे करायला घ्यायचे.

एकदा मी दादरच्या फेरीवाल्याकडून कापडी टोपी घेतली, रुंद काठाची, हनुवटीखाली बांधायच्या नाडीची. मनात होतं की ती बघून तरी हा विचारेल. त्याने ती उचलली, स्वतःच्या डोक्यावर चढवली आणि आरशात बघून म्हणाला, "मस्त आहे. माझ्यासाठी आणलीस?"

"हो," मी म्हटलं.

दुसऱ्यांदा विचारलं, बोटीवर किती माणसं मावतात रे? तर म्हणाला, पाच जणांचीच दाटी होते, आणि संडासही नाही. मी "हं" म्हटलं. मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण माहेरी मागायची सवय लागली नाही आणि सासरी ती लावून घेतली नाही. मला ने, असं तोंड उघडून एकदा म्हटलं असतं तर त्याने नेलंही असतं. तो अडाणी आहे, दुष्ट नाही. इतकी वर्षं गळ बांधले, पण त्याला कधी गळ घातली नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

यंदा त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. बोट लाटेवर आपटते, ते आता कधीच चालायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. रॉड आणि रिळं एका मित्राने नेली. "वहिनी, तुम्ही या की एकदा आमच्याबरोबर," असंही तो म्हणाला. पण मला दुसऱ्या कुणाबरोबर जायचं नव्हतं. याच्या शेजारी उभं राहून बघायचं होतं आणि हा ओढत असताना याच्यावर ओरडायचं होतं.

खोटे मासे मात्र याने दिले नाहीत. तुझ्या हातचे आहेत, म्हणाला. उघडे गळ घरात नकोत म्हणून परवा दुपारी आम्ही ते काढायला बसलो. मी तार कापत होते आणि हा कमरेला पट्टा बांधून खुर्चीत ताठ बसून मणी वाटीत टाकत होता. एक मणी खाली पडला. त्याला वाकता येईना, म्हणून तो नुसता मण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला,

"तुला कधी यावंसं वाटलं होतं का गं?"

माझ्या हातातली पक्कड थांबली. इतक्या वर्षांनी विचारलं, आणि तेही आता. मी त्याच्याकडे पाहिलं. उत्तराची त्याला भीती वाटत होती, ते चेहऱ्यावर दिसत होतं. हो म्हटलं असतं तर त्या खुर्चीत बसून तो उरलेलं आयुष्य तेच उगाळत बसला असता.

"छे," मी म्हटलं. "मला बोट लागते."

"कोळ्यांची पोर आणि बोट लागते?" तो एवढा हसला की कळ येऊन त्याला पाठ धरावी लागली. "तरीच! तरीच कधी येते म्हणाली नाहीस."

रेवसची लाँच तो पार विसरला होता. मी खाली पडलेला मणी उचलून त्याच्या हातात दिला आणि पुढचा गळ कापायला घेतला.