पडद्यावर माझा मोबाईल

"मोबाईल आण इकडं."

सर एवढंच म्हणले. माझं सेमिनार नुकतंच संपलं होतं. दुष्काळात ज्वारीची मुळं पाणी कसं धरतात, यावर मी बोलले होते. एकदाबी अडखळले न्हाय. तेच चुकलं.

माझ्या आधी एका डॉक्टरचा पोरगा बोलला. लॅपटॉपवरचं बघून धडाधडा वाचलं. सर खूश. म्हणले, "टेक्नॉलॉजी अशी वापरायची असती." माझ्या वेळंला तीच टेक्नॉलॉजी चोरी झाली.

"तू हे कुठनं उचललंस?"

"व्हिडिओ बघून शिकले, सर. पुस्तकं डाउनलोड केली."

"मेंढरं राखता राखता?"

वर्ग हसला. माझे वडील, आबा, मेंढरं राखतात, नळदुर्गच्या माळावर, हे सरांना ठाऊक होतं. त्या माळावरच रेंज येते. तिथंच बसून शिकले मी. पण हे सांगितलं असतं तर अजून हसले असते.

सरांनी माझ्या मोबाईलला प्रोजेक्टरची वायर लावली. माझी स्क्रीन पडद्यावर आली. मी काय काय शोधलं, ते त्यांनी उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. 'हायपोथिसिस उच्चार.' परत 'हायपोथिसिस उच्चार.' 'सरांना इंग्रजीत शंका कशी विचारावी.' खाली होतं, 'पाळी लांबली तर काय करावं.' ते त्यांनी वाचलं न्हाय. वाचायची गरजच नव्हती. पडदा भिंतीएवढा होता.

पोरं हसली. माझी मैत्रीण खाली बघत बसली.

चोरी काय सापडली न्हाय. तर सर म्हणले, "पुसून टाकलं असंल. उद्या माझ्यापुढं एकटी बसून सगळं लिहून दाखव. न्हायतर माफी माग."

घरी आबांना सांगितलं. ते म्हणले, "माग की माफी. मार्क त्यांच्या हातात हायत."

"आबा, म्या चोरी केली का, हे तुमी विचारलंच न्हाय."

आबा उठून मेंढरांकडं गेले. त्यांनाबी संशय होता. सरांपेक्षा ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी कोरा कागद पुढं सरकवला. मला सगळं येत होतं. हात पेनाकडं गेलाबी. तवा डोक्यात उजाडलं. आज लिहिलं तर उद्याबी लिहावं लागंल. हर वेळंला. त्या डॉक्टरच्या पोराला असा कागद कुणी कधी देणार न्हाय.

पेन खाली ठेवलं.

"लिहिणार न्हाय, सर."

"म्हंजे येत न्हाय."

"येतंय. सगळ्या वर्गाला बसवा, मीबी बसते. सगळ्यांचे मोबाईल पडद्याला लावा. आधी तुमचा."

त्यांचं तोंड लाल झालं. सेमिनारला मला भोपळा मिळाला. तो तसाच हाय. मी प्राचार्यांकडं गेले, त्यांनी चहा विचारला आणि विषय बदलला.

आता सर व्हरांड्यात दिसले की हसतात. 'हुशार पोरगी' म्हणतात. मी त्या हसण्यावर विश्वास ठेवत न्हाय.

परवा पहिल्या वर्षाची एक पोरगी रडत आली. जळकोटकडची. सरांनी तिलाबी मोबाईल घेऊन बोलावलं होतं.

मी म्हणले, "देऊ नको. चल, मीबी येते."

सर म्हणले, "तुला कुणी बोलावलं?"

"कुणीबी न्हाय," मी म्हणले आणि तिच्या शेजारी उभी राहिले. ह्यापुढं जिला जिला बोलावतील, तिच्या शेजारी मी असणार.