सुमीची टेप्टोमावशी

फोन भाच्याचा होता. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "जेवली होती का?" "हो, खिचडी." बरं म्हणून मी फोन ठेवला. त्याला वाटलं असेल, म्हातारीला काही वाटतच नाही. सुमी माझी धाकटी बहीण. शेवटचं वर्षभर अंथरुणाला खिळून होती. रडण्यासारखं जे होतं ते वर्षभर चाललं होतं, त्या दिवशी संपलं.

अंथरूण तिला नवं नव्हतं. संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे निघत होते तेव्हा आम्ही लालबागला चाळीत राहायचो. वडील गिरणीत, आई घरातच खानावळ चालवायची. बायकापोरं गावी ठेवून आलेले कामगार पाळी सुटली की आमच्याकडे जेवायला यायचे. सुमीला पाचव्या वर्षी खुब्याच्या हाडाचा क्षय झाला. डॉक्टरांनी छातीपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलं आणि घरी पाठवलं. कूस बदलायची तरी दुसऱ्याने बदलून द्यायची. आईचे हात सदा पिठात, म्हणून चौथीनंतर माझी शाळा बंद झाली आणि मी तिच्याजवळ बसले. ती प्लास्टरमध्ये, मी खोलीत. सुटका दोघींनाही नव्हती. तिने त्याबद्दल कधी आभार मानले नाहीत, आणि मानले असते तर मला आवडलंही नसतं.

तिला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं चालू होती. कंपाउंडर घरी येऊन टोचून जायचा. त्या औषधाला ती टेप्टोमावशी म्हणायची, कंपाउंडरला कमपांढरा आणि ऑपरेशनला आपलंरेशन. जेवायला येणाऱ्यांना याची फार मजा वाटायची. त्यांची स्वतःची पोरं वर्षातून एकदा दिसायची, त्यात हिचं बोलणं. मालवणकडचे भिवाकाका घास हातात धरून ओरडायचे, "काय गो बाय, टेप्टोमावशी इली काय?" सुमी पडल्या पडल्या उत्तर द्यायची, "इली आणि टोचून गेली. कमपांढरा म्हणाला, आपलंरेशन नको." सगळी पंगत हसायची. हात वाळले तरी कोणी उठायचं नाही. आई करवादायची, "उठा रे आता, दुसरी पंगत खोळंबलीय! तमाशा लावलाय का इथं?"

मग एकदा आमच्या भागात गोळीबार झाला आणि संचारबंदी लागली. अश्रुधुराने डोळे चुरचुरत होते, आईने दाराखालच्या फटीत ओला पंचा कोंबला होता. वडील गिरणीतच अडकलेले. कंपाउंडर नाही, पंगत नाही. आई भाकऱ्यांच्या चवडीपुढे बसून होती, बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. सुमीने हळूच विचारलं, "अक्का, आज कोणीच नाही येणार?"

"नाही."

"भिवाकाका पण?"

"आला तर गोळी घालतील त्याला."

ती आढ्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे आज स्ट्रेप्टोमायसिन पण नाही." अगदी स्वच्छ, डॉक्टर म्हणायचे तसं. मी चमकले. "तुला म्हणता येतं?"

"कधीपासून येतं."

"मग ती मावशी कशाला गं?"

"नीट बोलले तर ते जेवतील आणि जातील."

मला राग आला, आणि हसूही. एवढीशी पोर, मान आणि हात सोडले तर काही हलवता येत नाही, आणि कामाने आंबलेल्या बाप्यांना जागेवर धरून ठेवत होती. मी कोणाला बोलले नाही. संचारबंदी उठल्यावर भिवाकाका जिन्यातूनच हाक मारत आले आणि सुमी लगेच बोबडी झाली. मी तिचं पांघरूण सारखं केलं.

पुढे ती बरी झाली, एक पाय तेवढा आखूड राहिला. शिकली, टेलिफोनच्या ऑफिसात लागली. लाइनवर बसून इतकं स्पष्ट बोलायची की शेजारणी तिच्यासमोर जपून बोलायच्या. लग्न, मुलगा, सगळं रीतसर झालं. म्हातारपणी पडली आणि तोच खुबा मोडला. मुलाचं घर नायगावला, नव्या टॉवरमध्ये, पार वरती. घराला नाव ठेवायला जागा नाही. पण मुलगा-सून कामाला, आणि सांभाळायला ठेवलेली बाई भरवून झालं की मोबाइल घेऊन बाहेरच्या खोलीत. पाय हलवून घ्यायला तेवढी एक फिजिओथेरपीवाली पोरगी यायची. मी शेवटचं भेटायला गेले तेव्हा ती पोरगी बॅग उचलून निघालीच होती. सुमी म्हणाली, "झाली का गं तुझी फिजूथेपली?"

पोरगी खळखळून हसली. "काय म्हणालात आजी? परत म्हणा ना!" सुमीने परत म्हटलं, आणखी वाकडं करून. पोरगी पलंगाच्या कडेला टेकली, आणि तिचं ठरत आलेलं लग्न, होणाऱ्या सासूचा तोरा, सगळं सांगत बसली. मी सुमीकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघायचं टाळलं. पोरगी गेल्यावर डोळे मिटून म्हणाली, "आज बराच वेळ बसली."

आता माझेही गुडघे गेलेत. प्रभादेवीला एकटी असते, जिना उतरणं बंद झालंय. व्यायाम करून घ्यायला एक बाई येते, फार कमी बोलते. परवा तिने विचारलं, "आजी, डॉक्टर काय म्हणाले, काय झालंय गुडघ्याला?" मी मनात एक दोन वाकडे शब्द जुळवले, आणि तोंडातून आलं, "आर्थ्रायटिस." ती "बरोबर" म्हणाली, सामान आवरलं आणि गेली.

ती गेली की मी तो शब्द वाकडा करून मोठ्याने म्हणून बघते. ऐकायला कोणी नसतं. तरी दर वेळी शब्द सरळच येतो.