गुळवेलीवरची अळी

आक्काचे उपचार डॉक्टरांनी थांबवले, तेव्हा मी तिला बेळगावहून खानापूरजवळच्या आमच्या गावी घेऊन आले. ती शाळेत विज्ञान शिकवायची. पुढं काय होणार ते तिला माहीत होतं. आईला सांगायचा धीर मात्र आम्हा दोघींनाही झाला नाही.

आईनं कुंपणावरच्या गुळवेलीचा काढा सुरू केला. वेल तोडताना पानं खाणाऱ्या काळ्या अळ्या दिसल्या की ती चपलेनं चिरडायची.

"ऱ्हाऊ दे गं आई," आक्का अंथरुणातून म्हणाली. "त्यास्नी हीच पानं लागत्यात."

"माझ्या लेकीला बी हीच वेल लागतीया," आई म्हणाली.

त्यातली एक अळी मी बरणीत घालून आक्काच्या उशाशी ठेवली. अंगावर डोळ्यांसारखे ठिपके. बरणीला धक्का लागला की ती डोकं दुमडून घ्यायची, शेपूट वर उचलायची. आक्का मला सांगायची, अंडी पानाखाली असतात, यातून पतंग निघेल, पेरूत सोंड खुपसून रस पिईल. पुढं अळीनं दोन पानं धाग्यांनी जोडली आणि आत कोष केला. तोवर आक्काचं जेवण सुटलं होतं. काढा तेवढा प्यायची, आईसाठी.

एका संध्याकाळी बरणीत वाळकं पान दिसलं, अगदी शिरांसकट. काढायला बोट घातलं तर पानच थरथरलं, आणि खालून नारिंगी पंख उघडले. आक्का हसली. लई दिवसांनी.

बरणी आईनंच उचलली. घरामागच्या परड्यात पेरूच्या फांदीवर पतंग सोडला. मी मागोमाग गेले होते. माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "डॉक्टर काय म्हणालं, खरं सांग."

मी सांगितलं.

तिनं पेरूची फांदी धरली. "मला कळलंय म्हणून तिला सांगू नगंस," म्हणाली. "माझ्यासाठी तरी पितीया, पिऊ दे."

सकाळी तिनं पुन्हा काढा केला. आक्का प्याली, "आज बरं वाटतंय," म्हणाली. आईनं मान डोलावली आणि तिचं तोंड पदरानं पुसलं.

त्याच आठवड्यात आक्का गेली. दोघी एकमेकींशी शेवटपर्यंत खोटं बोलल्या, आणि मी मधे बसून दोघींचं ऐकत राहिले.